कडेचे हात

आजोळच्या बैठकीत, पार वर, तुळईला लागून एक फ्रेम टांगलेली आहे. मागून दोरीनं बांधलेली, म्हणून ती वरच्या अंगानं पुढं झुकते आणि खाली जेवायला बसलेल्या माणसाला नीट दिसते. काचेआड एकच फोटो नाही, तीस-बत्तीस आहेत. मधोमध पंढरपूरहून आणलेलं विठ्ठल-रखुमाईचं चित्र. त्याच्या डाव्या अंगाला आजोबा, फेटा बांधून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. उजवीकडं मामाच्या लग्नातला फोटो. मग कुणाचा दहावीच्या फॉर्मसाठी काढलेला पासपोर्ट फोटो, कुणाचं वर्षाचं पोर स्टुडिओतल्या खोट्या टेलिफोनाशेजारी बसवलेलं, एक चुलतमामा पोलिसाच्या ड्रेसात. आतली जागा संपली तसे पुढचे फोटो काच आणि चौकट यांच्या फटीत बाहेरून खोचलेले. कुणाचा कान दुसऱ्याच्या खांद्याआड गेलाय. देवाच्या पायाशी कुणाची तरी मुलगी फ्रॉक घालून उभी आहे. कोण कधी जन्मलं, कोण कुणाच्या आधी गेलं, याचा तिथं हिशेब नाही. सगळे एकाच भिंतीवर एकत्र नांदतात.

कोलाज हा शब्द मी पुढं औरंगाबादला चित्रकला शिकताना ऐकला. फ्रेंचमधल्या 'चिकटवणे' या क्रियापदावरून तो आला, पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ साली चित्रावर कागद आणि मेणकापड डकवायला सुरुवात केली, असं सर सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं ती फ्रेम उभी राहिली होती.

त्या फ्रेमीत आजी नाही. माझ्या आईची आई. तिचा फोटो कधी निघालाच नाही. १९८१ साली ती गेली आणि मी त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले. पित्रांना आजोबांच्या फोटोला हार पडतो, आजीच्या नावानं पाटावर सुपारी ठेवतात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वी मामाच्या मुलानं माझ्याकडं आणलेलं काम. गावातल्या सात बायकांकडून त्यानं जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. हेमा रायरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कितीतरी आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संग्रहात ऐकायला मिळतात. १९९६ साली त्या मंडळींनी आपल्या बीड जिल्ह्यात, माजलगावात रेकॉर्ड केलेल्या ओव्या त्यानं फोनवर ऐकल्या आणि त्याला वाटलं, आपल्या गल्लीतल्या बायका अजून आहेत तोवर आपणही करावं. सातही जणी सत्तरीच्या पुढच्या. त्यांत माझी थोरली मावशी, गावातच दिलेली.

बायकांना नुसतं "म्हणा" म्हटलं तर ओव्या येईनात. दोन ओळी व्हायच्या आणि गाडी अडायची. शेवटी लग्नातल्या हळदीपुरतं जे जातं उरलं होतं ते ओसरीवर आणलं, खुंटा ठोकून बसवला, पायलीभर ज्वारी घेतली आणि दोघी समोरासमोर बसल्या. जातं फिरलं तशा ओव्या आल्या. "दगुड घुमला का ध्यान येतंय," मावशी म्हणाली. 'जात्या ईसवरा' म्हणून जात्यालाच हाक घालून सुरुवात, मग गंगाखेडची जनाबाई आणि तिच्याबरोबर दळू लागणारा विठ्ठल, मग भाऊ, माहेरची वाट, लेकीचं सासर. एकीचा गळा, दुसरीनं उचललेली ओळ आणि खाली दगडाची घरघर. दीड तासाचं रेकॉर्डिंग झालं. त्यातून अल्बमसाठी चौदा तुकडे निवडले.

"अक्का, कव्हर तू कर," तो म्हणाला. त्याच्या डोक्यात कव्हर तयार होतं. सातही जणींना नऊवारी नेसवायची, शेताच्या बांधावर जातं नेऊन ठेवायचं, मावळतीच्या उन्हात फोटो काढायचे. संभाजीनगरहून एक ओळखीचा फोटोग्राफर यायलाही तयार होता.

मी नको म्हटलं. का नको, हे मला त्या दिवशी धड सांगता आलं नाही, नंतर सुचत गेलं. आवाज सत्तरीतल्या बायकांचा होता, पण ओव्या त्यांच्या नव्हत्या. त्या होत्या पहाटे तीनला उठून दळणाऱ्या सोळा-अठरा वर्षांच्या सुनांच्या. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा त्या सुनांचं दळण सुटलं आणि ओव्यांचं येणंही थांबलं. आताच्या सुरकुत्यांचा फोटो छापला असता, तर लोकांनी म्हाताऱ्यांचं कौतुक केलं असतं आणि गाणारी पोर कुणालाच दिसली नसती. मला ती पोर हवी होती.

म्हणून मी सातही घरांत तेव्हाचे फोटो मागत फिरले.

ते फिरणं लक्षात राहण्यासारखं. प्रत्येक घरात फोटो निघाले. पत्र्याच्या पेटीतून, साडीच्या घडीतून, एका घरी तर पंचांगाच्या पानांतून. पण ज्या बाईसाठी गेले तीच त्यांत नसायची. तिचा नवरा असायचा, दीर, सासरे, बैलजोडी, नवा ट्रॅक्टर. तिचा स्वतःचा म्हणावा असा पहिला फोटो मतदार ओळखपत्रावरचा, तोही चाळिशी-पन्नाशीतला, भेदरलेला. त्याआधीची ती फक्त कडेला सापडायची. नवरदेवाच्या मागं अर्धा पदर. जेवणाच्या पंगतीत वाढणारा हात, मनगटापर्यंतच. दारात उभी, पण चौकटीनं तोंड कापलेलं. दुसऱ्याच्या लेकराला सावरणारी पाच बोटं.

याला एक साधं कारण होतं. त्या काळी अंबाजोगाईहून लग्नाला फोटोग्राफर यायचा तो १२० चा रोल घेऊन. एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे चौकोनी बारा फोटो. मामाच्या लग्नात, १९७६ साली, एकच रोल परवडला. बारा फोटोंत नवरा-नवरी, वरमाला, व्याही-भेट, मानाचे पाहुणे, सरपंच एवढं बसवायचं, तर वाढणाऱ्या बाईसाठी तेरावा फोटो कुठून येणार? फोटोग्राफरनं त्यांना वगळायचं ठरवलं असेल असं मला वाटत नाही. मोजून बारा होते आणि तिच्यावर कुणाला एक खर्चायचा नव्हता. ती आली ती चुकून, चौकोनाच्या कडेनं.

त्या कडा बघता बघता माझं कव्हर ठरलं. फोटोतली मधली माणसं काढायची आणि कडेच्या बायका घ्यायच्या. पदर, कोपर, अर्धी पाठ, हात. सात घरांतल्या साठ-पासष्ट फोटोंच्या कडा एकत्र करून एक जातं दळणारा मेळा उभा करायचा.

कव्हरचा आकार मी बारा इंचांचा चौकोन धरला, एलपीच्या, म्हणजे गाण्याच्या मोठ्या तबकडीच्या, कव्हरएवढा. मामाच्या मुलाला ते पटेना, कारण आत एलपी नव्हती. आत होता पेनड्राइव्ह, कारण गावात आता गाणं वाजतं ते ट्रॅक्टरवर आणि जीपमध्ये, पेनड्राइव्ह लावून. दोन इंचांच्या वस्तूला बारा इंचांचं घर कशाला? मी त्याला अल्बम या शब्दाची गोष्ट सांगितली. ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन-चार मिनिटांचंच गाणं मावायचं. मोठी रचना असली की चार-पाच तबकड्या लागायच्या, आणि त्या जाड कागदी पाकिटांच्या वहीत बांधून विकायच्या. दिसायला अगदी फोटोंच्या अल्बमसारखी वही, म्हणून गाण्याच्या संचालाही अल्बम हेच नाव पडलं. त्या वह्यांवर आधी नुसतं नाव छापलेलं असे. १९४० साली कोलंबिया कंपनीतल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुणानं त्यांवर चित्र काढायला सुरुवात केली. आधीच्या कोऱ्या, उदास कव्हरांना तो थडग्याचे दगड म्हणायचा. पुढं १९४८ मध्ये एलपी आली, सगळं गाणं एकाच तबकडीवर मावलं, वही गेली, पण नाव राहिलं. म्हणजे गाण्याचा अल्बम हा मुळात फोटोंच्या अल्बमचाच भाऊ. आणि १२० च्या रोलचा फोटोही चौकोनी, एलपीचं कव्हरही चौकोनी. मला तर ते एकमेकांसाठीच केल्यासारखे वाटले.

शिवाय बारा इंचांचा चौकोन भिंतीवर टांगता येतो. हे खरं कारण. चार पदरी घडी उलगडली की चोवीस इंचांचा कागद व्हावा, त्यावर पूर्ण कोलाज असावं आणि मागच्या बाजूला सगळ्या ओव्या छापलेल्या असाव्यात. अंबाजोगाईच्या माणसाला अशी कल्पना सुचायला लांब जावं लागत नाही. संतकवी दासोपंतांनी सोळाव्या शतकात इथंच पासोडीवर 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहून काढला, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं वस्त्र. पांघरायच्या वस्त्रावर त्यांनी ग्रंथ लिहिला, मग गाण्याच्या पाकिटावर ओव्या लिहायला काय हरकत?

फोटो कापून गाण्यावर लावायची कला मला परदेशी पुस्तकांतून कळलेली नाही. ती मी येरमाळ्याच्या जत्रेत पाहिली. चैत्रात येडेश्वरीला जायचो तेव्हा कॅसेटच्या गाड्यांपुढं मी खिळून जायची. आराध्यांची गाणी, भारुडं, भीमगीतं. अडीच बाय चार इंचांच्या त्या कागदावर काय काय असायचं! वर देवीचा मुखवटा किरणं सोडत, खाली गायकाचं डोकं खांद्यापासून कापून लावलेलं, एका कोपऱ्यात संबळ, दुसऱ्यात देवळाचा कळस. भीमगीतांच्या कॅसेटवर बाबासाहेब, मागं दीक्षाभूमीचा घुमट, पुढं माइक धरलेला गायक. देवीवर उजेड डावीकडून यायचा आणि गायकावर उजवीकडून. गायक कळसापेक्षा मोठा असायचा. पण कुणीही बघून सांगावं, हा माणूस या देवीसाठी गातोय. एवढ्याशा जागेत भक्त आणि देव यांना शेजारी आणायचं तर कापणं आणि चिकटवणं याहून सरळ वाट नव्हती. ते कागद करणाऱ्या माणसांची नावं कुठं छापलेली नसायची. मी त्यांना माझे पहिले गुरू मानते.

कॉलेजात सरांनी बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'चं कव्हर दाखवलं. १९६७ चं. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या दांपत्यानं माणसाच्या उंचीचे पुठ्ठ्याचे फोटो उभे करून गर्दी जमवली आणि तिच्यापुढं बीटल्सना उभं करून फोटो काढला. गाण्याचे सगळे शब्द कव्हरच्या मागं छापण्याची चालही त्याच अल्बमनं लोकप्रिय केली. त्या गर्दीत आपले चार योगी आहेत. गांधीजींचाही पुठ्ठा उभा केला होता, पण भारतात लोक दुखावतील या भीतीनं रेकॉर्ड कंपनीनं तो काढायला लावला. हे ऐकल्यापासून ते कव्हर हातात आलं की माझी नजर आधी कडेला जाते. कुणाला काढलंय ते मी शोधते.

प्रत्यक्ष काम सुरू झालं ते स्कॅनिंगनं, आणि तेच सगळ्यांत रेंगाळलं. मूळ फोटो मी घराबाहेर नेले नाहीत. स्कॅनर घेऊन गेले आणि प्रत्येकाच्या ओसरीवर बसले. कृष्णधवल फोटोंच्या काळ्या भागात, कडेकडेनं, तिरपं धरलं की निळसर चांदी चमकते. ती खरीच चांदी, कागदातली, वर्षानुवर्षांच्या हवेनं पृष्ठभागावर आलेली. ऐंशीच्या आसपासचे रंगीत फोटो मात्र सगळे तांबडे पडलेले, कारण त्यांतला निळा-हिरवा रंग आधी मरतो. मी ते रंग दुरुस्त केले नाहीत. मामाच्या लग्नाचे फोटो बोटाच्या दोन पेरांएवढे. १२०० डीपीआयवर स्कॅन करून मोठे केले की आधी न दिसणाऱ्या गोष्टी वर यायच्या: बांगडीची फूट, हातावरचं गोंदण, पदराला लागलेलं पीठ.

त्यातल्या एका फोटोत नवरीच्या मागं ताट धरलेला एक हात आहे. नऊ मिलिमीटरचा हात. मनगटभर हिरव्या बांगड्या, अंगठा ताटाच्या काठावर घट्ट, करंगळी काठाखाली गेलेली. मावशीला विचारलं तर तिनं डोळ्यांशी धरून पाहिलं आणि म्हणाली, "मीच आसंल. ताट मीच धरलं व्हतं." मी टाचणवहीत लिहिलं: थोरली मावशी, १९७६. तोच हात मी कव्हरच्या मधोमध, जात्याच्या खुंट्यावर ठेवायचं ठरवलं. त्या हाताची पकड इतर सगळ्यांहून वेगळी होती.

मग कापणं. सगळ्या प्रती मॅट कागदावर काढून मी मावशीच्या ओसरीवर पसरल्या आणि कटर हातात घेतला, तशी मावशी ओरडलीच. "कापू नगस! जित्या मानसाचा फोटू कापत्यात व्हय?" या छापलेल्या प्रती आहेत, खरे फोटो पेटीत आहेत, हे सांगून पटेना. पेटी उघडून दाखवली तेव्हा ती शेजारी बसली. थोडा वेळ नुसतं पाहत राहिली. मी कटर पदराच्या रेषेवरून अगदी काठोकाठ फिरवत होते, जसं आम्हाला शिकवलं होतं. तिनं माझा हात धरला.

"इतकं काठाला कामून कापतीस? शिलाईला जागा सोड की."

मावशी वाकळ शिवते. जुन्या लुगड्याचे, धोतराचे, पोरांच्या सदऱ्यांचे तुकडे कापताना ती दरवेळी बोटभर जास्त ठेवते, कारण तुकडा तुकड्यावर चढला नाही तर धावदोरा धरत नाही. तिच्या डोळ्यांना माझं कापणं चुकीचंच दिसत होतं. मी तिच्या हातात कात्री दिली. तिनं पहिला पदर कापला तो चहूबाजूंनी पांढरी कड सोडून.

ती पांढरी कड पाहिली आणि मी माझे आधीचे अकरा तुकडे बाजूला ठेवले. हॅना होख माहीत होती मला. बर्लिनमधली, फोटोमाँटाजच्या पहिल्या कलावंतांपैकी एक. १९१६ ते १९२६ ही दहा वर्षं ती तिथल्या मोठ्या प्रकाशनगृहात भरतकामाचे आणि विणकामाचे नमुने काढायची नोकरी करत होती. त्याच वर्षांत मासिकांतले फोटो कापून तिनं आपली चित्रं उभी केली. तिच्याही आधी, १८६० च्या दशकात, इंग्लंडमधल्या घरंदाज बायका ओळखीच्यांच्या फोटोंतली डोकी कापून आपल्या अल्बममधल्या जलरंगांवर डकवत होत्या. हे सगळं मी वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. पण शिवणाऱ्या बाईचा हात कागद कसा कापतो ते मला त्या ओसरीवर दिसलं. सांधा लपवायचा नसतो. सांध्यावर सगळं तोललेलं असतं, म्हणून त्याला जागा द्यायची असते. त्या दिवसापासून कव्हरवरचा प्रत्येक तुकडा पांढरी कड घेऊन आला.

चिकटवायला फेविकॉल वापरला नाही. त्यातल्या पाण्यानं पातळ कागदाला सुरकुत्या येतात. रबर सोल्युशन वापरलं, म्हणजे चुकलं तर तुकडा सोडवता येतो. वर वर्तमानपत्र आणि त्यावर मावशीचा पाटा, रात्रभर. आणि तयार कोलाज स्कॅन न करता एका बाजूनं उजेड टाकून फोटो काढला. स्कॅनरच्या सपाट उजेडात कागदाच्या कडांची सावली मरते, आणि मला प्रत्येक तुकड्याखालची केसाएवढी सावली हवी होती.

सातांतल्या एका काकूंचं मात्र काहीच सापडलं नाही. त्या आमच्या गावच्या लेकी, किल्लारीकडं दिलेल्या. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती उठले होते, माणसं दमून घरात झोपली होती. दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं, सगळं खाली आलं. त्यातून काकू आणि त्यांचा एक मुलगा निघाला. फोटोंची पेटी निघाली नाही. पुढं त्या माहेरी आल्या. त्यांच्या ओव्या चौदांतल्या तीन, आणि सगळ्यांत चांगला गळा त्यांचाच.

मी त्यांना विचारलं, तुमच्या जागी काय लावू? माहेरच्या जुन्या फोटोंत कुठं दिसताय का बघू? त्यांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले. मग म्हणाल्या, "काही लावू नगा. आमच्या घराचा एक खण तसाच ऱ्हाऊ द्या."

आपल्याकडं घर खणांत मोजतात, दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. मी कोलाजच्या उजव्या अंगाला दोन बाय अडीच इंचांची जागा सोडली. तिथं काही छापायचं नाही, पांढरा रंगही नाही, नुसता कागद दिसला पाहिजे. त्यासाठी गुळगुळीत आर्ट कार्ड सोडून मातकट छटेचा, बिनचकाकीचा जाड कागद निवडला. अशा कागदात शाई मुरते, ठिपके पसरतात आणि काळे भाग गढूळ होतात, म्हणून सावल्या आधीच हलक्या कराव्या लागल्या. आडवी-उभी घडी असल्यामुळं एक घडी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेच्या, उलट जाणारच, तिथं क्रीजिंग, म्हणजे घडीची रेघ आधी दाबून घेणं, नीट केलं नाही तर चित्र घडीवर तडकतं. चार डमी केल्या. चौथीत घडी स्वच्छ बसली.

प्रूफ उत्तम आलं. मी निर्धास्त होऊन गावी गेले. तीनशे प्रती छापून आल्या आणि पहिला गठ्ठा सोडला तर माझे पाय गळाले. काकूंच्या खणात निळं आभाळ होतं. दोन ढग होते. पांढऱ्या कडा शेजारच्या रंगात मिसळून टाकलेल्या, सावल्या पुसलेल्या, अर्धवट दिसणारे चेहरे उजळ केलेले. छापखान्यातल्या ऑपरेटरनं प्लेट काढण्याआधी फाइल उघडली आणि त्याला वाटलं, घाईत काम अर्धवट राहिलंय. रात्री उशिरापर्यंत बसून त्यानं ते पुरं केलं होतं. "मॅडम, एवढी जागा मोकळी राहिली होती, मी भरून दिली," असं त्यानं फोनवर सांगितलं. त्याच्या आवाजात चांगलं काम केल्याचं समाधान होतं. मला रडू आवरेना. संगणकावर जोड लपवणं इतकं सोपं झालंय, की दिसणारा जोड म्हणजे चूकच, असं त्या मुलाला वाटलं, आणि त्याला तसं वाटू नये असं काही मी फाइलबरोबर लिहूनही दिलं नव्हतं. एक चिठ्ठी पुरली असती.

पुन्हा छापायचा खर्च छापखान्यानं आणि आम्ही अर्धा-अर्धा उचलला. या वेळी मी मशीनशेजारी उभी राहिले. पहिला कागद बाहेर आला, उजेडाकडं धरला, तिथं खण होता. मोकळा.

बिघडलेले तीनशे कागद रद्दीत घालवेनात. त्यांचे चौकोन कापून पेनड्राइव्ह ठेवायची आतली पाकिटं केली. आभाळाचा तुकडा कुणाच्या पाकिटावर आला, कुणाच्या नाही. कोणतीही दोन पाकिटं सारखी नाहीत. सोबत बारा पानी पुस्तिका: ओव्या, कुणी म्हटल्या, आणि शेवटच्या पानावर कोलाजची नुसत्या रेषांची आकृती, तुकड्यांना आकडे घालून, कोणता पदर कुणाचा, कोणता हात कुणाचा.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सातही जणी मावशीच्या ओसरीवर जमल्या. कागद उलगडून मधे पसरला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं नख लावून पदराची कड उचकटून पाहिली. तिला तुकडा खरंच चिकटवलेला वाटला. काकूंनी आपल्या खणावर तळवा ठेवला, न बोलता, आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. बाकीच्यांची ओळखापाळख सुरू झाली. ही मी, न्हाई गं ही तुझी जाऊ, हे लुगडं मपलं, परळीच्या बाजारातलं.

मावशी वाकून मधल्या हाताकडं पाहत होती. छोट्या फोटोतला तो हात आता वीतभर झाला होता.

"पोरी, ह्यो मपला हात न्हाई."

मी पुस्तिका काढून दाखवली, अकरा नंबर, तूच सांगितलं होतंस.

"बारकं दिसत व्हतं तवा. आता बघ की. करंगळी कुटं हाये?"

मी पाहिलं. इतके दिवस मी समजत होते, करंगळी ताटाखाली गेलीय. ती खाली गेली नव्हती. वरची दोन पेरं नव्हतीच. जिथं ती संपायला नको तिथं संपली होती.

"ज्वारी काढताना इळा लागला व्हता मायला," मावशी म्हणाली. "ही मपली माय हाये. तुझी आज्जी."

ओसरीवर माझी आईही होती. ती उठून आली आणि कागदावर बसली, अगदी घडीवर. कुणी तिला बाजूला हो म्हटलं नाही.

पुस्तिकेत लिहायला मी आजीचं नाव विचारलं. आमच्या घरात ती 'आज्जी' होती, गावाला ती मामाच्या नावानं 'अमक्याची माय' होती. मावशीनं तिचं नाव सांगितलं आणि माहेरचं नावही सांगितलं. दोन्ही मी पहिल्यांदा ऐकत होते. मामाच्या मुलानं सगळे गठ्ठे आणून ओसरीवर ठेवले. तीनशे पुस्तिका. शेवटचं पान उघडायचं, अकरा नंबरपुढचं 'थोरली मावशी' एका रेघेनं खोडायचं आणि शेजारी दोन्ही नावं लिहायची. मावशी वाळलेल्या पुस्तिका उचलून एकावर एक रचत होती. दोनशेच्या पुढं कुठंतरी पेन संपला. मामीनं नातवाच्या दप्तरातून दुसरा आणून दिला.